स्लो कुकरमध्ये रोजचा सकस स्वयंपाक: तयारी, टप्प्यांचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

स्लो कुकर, म्हणजे तासन् तास मंद आचेवर शिजवणारा विजेचा कुकर, घरात आला की पहिल्या काही आठवड्यांत त्याच त्या तक्रारी ऐकू येतात. घेवडा आठ तास ठेवला तरी आत टणक राहिला. रस्सा पाणचट झाला. कोंबडीचे दोरे सुटले, पण खालचा बटाटा कच्चाच. मसाल्याला कच्चट वास येतो. राजमा खाऊन घरातल्या दोघांना उलट्या झाल्या, ही तक्रार तर अजिबात दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

या सगळ्यांच्या मुळाशी एकच चूक आहे. आपण त्याला शिट्टी नसलेला प्रेशर कुकर समजतो. प्रेशर कुकरमध्ये वाफेच्या दाबामुळे आतलं तापमान साधारण १२० अंशांपर्यंत जातं. स्लो कुकरमध्ये दाब नसतो, त्यामुळे कितीही तास ठेवला तरी अन्न उकळीच्या आसपासच राहतं, आणि तिथवर पोहोचायलाही त्याला कित्येक तास लागतात. घरगुती स्लो कुकर साधारण १५० ते ३०० वॅटचा असतो, तर इंडक्शन शेगडी सहज १५०० ते २००० वॅटची. एवढ्या मंद आचेवर कांदा परतला जात नाही, मसाला भाजला जात नाही आणि पाणी आटत नाही. म्हणून ही तिन्ही कामं झाकण लावण्याआधी गॅसवर करून घ्यायची असतात. रात्री दहा मिनिटं, सकाळी गॅसपाशी पाऊण तास आणि संध्याकाळी वाढण्याआधी अर्धा तास, एवढं द्यायची तयारी असेल तर सातारा-सांगलीकडचं रोजचं जेवण यात उत्तम होतं.

खालची मापं चार माणसांच्या घराला आणि दोन-अडीच लिटरच्या कुकरला धरून दिली आहेत. वाटी म्हणजे साधारण २०० मिलिलिटरची.

टप्पा १: पहिला पदार्थ करण्याआधी कुकरची परीक्षा

नवा असो वा वापरलेला, आधी नुसतं पाणी ठेवून बघा. भांडं अर्ध्याहून थोडं जास्त भरा, झाकण लावा, बटण लो वर ठेवा आणि आठ तास सोडून द्या. मग झाकण काढल्याबरोबर स्वयंपाकाचा थर्मामीटर पाण्यात बुडवा. साधारण ८५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून थोडं जास्त दिसलं तर कुकर वापरण्याजोगा आहे. त्याहून बरंच कमी दिसलं तर तो अन्न सुरक्षित तापमानाला वेळेत नेऊ शकत नाही. असा कुकर परत करा किंवा दुरुस्त करून घ्या. बोट लावून अंदाज घेऊ नका. ६० अंशांचं पाणीही हाताला चटका देतं, पण शिजवायला ते पुरत नाही.

आपल्या भागात व्होल्टेजकडेही लक्ष द्यावं लागतं. वस्तीवर किंवा मळ्यातल्या घरात शेतीपंप सुरू झाले की दिवा मिणमिणतो, हे सगळ्यांच्या ओळखीचं आहे. व्होल्टेज २३० वरून १८० वर आलं की हीटरची ताकद थोडीथोडकी नाही, जवळजवळ ४० टक्क्यांनी घटते. २०० वॅटचा कुकर मग १२० वॅटचा होतो, आणि पुस्तिकेतल्या वेळा निरुपयोगी ठरतात. तुमच्याकडे ही अडचण असेल तर लो वापरूच नका. सगळं हाय वर करा आणि पाण्याची ही परीक्षा व्होल्टेज पडतं त्याच वेळी घ्या.

तपासा: भांडं पदार्थाने किमान अर्धं आणि जास्तीत जास्त दोन तृतीयांश भरायला हवं. दोन माणसांसाठी साडेसहा लिटरचा कुकर घेतला तर तळातला थोडासा ऐवज कडेने करपतो. काठोकाठ भरला तर मधला भाग तापायला फार वेळ लागतो.

टप्पा २: आदल्या रात्रीची तयारी

कडधान्य निवडा, दोनदा धुवा आणि भरपूर पाण्यात भिजत घाला. घेवडा, राजमा, हरभरा, हुलगा यांना ८ ते १० तास लागतात. अख्ख्या मसुराला दोन तास पुरतात. एप्रिल-मेमध्ये सांगलीत पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा ओट्यावर रात्रभर ठेवलेल्या कडधान्याला सकाळी फेस आणि आंबूस वास येतो. त्या दिवसांत पातेलं फ्रिजमध्ये ठेवा.

कडधान्य न शिजण्याचं एक कारण भांड्यात नसतं, नळात असतं. बोअरचं पाणी जड असेल, म्हणजे साबणाला फेस येत नसेल आणि पातेल्याला पांढरा थर धरत असेल, तर त्यातला चुना घेवड्याच्या सालाला घट्ट करून ठेवतो. मग तासांमागून तास वाढवून उपयोग होत नाही. भिजवायला आणि शिजवायला पिण्याचं गोडं किंवा फिल्टरचं पाणी घ्या. भिजवताना लिटरभर पाण्याला दोन-तीन चहाचे चमचे मीठ घातलं तरी साल मऊ पडते. ते पाणी आपण टाकूनच देणार असतो, त्यामुळे जेवणात मीठ फारसं वाढत नाही. खायचा सोडा घालण्याची सवय पुष्कळांना आहे. त्याने डाळ मऊ होते, पण त्यातलं ब-१ जीवनसत्त्व नासतं. सकस जेवणासाठी एवढा खटाटोप करायचा आणि सोड्याने तेच घालवायचं, हे मला पटत नाही.

भाज्या चिरून डब्यात आणि मटण-चिकन वेगळ्या बंद डब्यात, दोन्ही फ्रिजमध्ये ठेवा. सगळं रात्रीच कुकरच्या भांड्यात भरून ते भांडंच फ्रिजमध्ये ठेवायचा मोह होतो, तो टाळा. जाड मातीचं थंडगार भांडं तापायलाच सकाळचे दोन तास खातं, आणि तोवर मांस कोमटच राहतं.

सावध: गोठलेलं मटण किंवा चिकन थेट स्लो कुकरमध्ये घालू नका. ५ ते ६० अंश या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात, आणि बर्फाचा गोळा त्या पट्ट्यात तासन् तास अडकून राहतो. आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून ते पूर्ण सुटू द्या. उशिरा सुरू होणाऱ्या टायमरवरही मांस भरून ठेवू नका.

टप्पा ३: घेवडा आणि राजम्याची खळखळती उकळी

हा टप्पा सर्वांत जास्त गाळला जातो आणि त्याचीच शिक्षा सर्वांत मोठी असते. नीट वाचा.

राजमा आणि आपला घेवडा एकाच कुळातले. कोरेगावकडचा वाघ्या घेवडा, ज्याला भौगोलिक मानांकनही आहे, तोही त्यातलाच. या कुळातल्या कच्च्या दाण्यांत फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं एक विषारी प्रथिन असतं. लाल राजम्यात ते सर्वाधिक असतं, पण बाकीच्यांतही असतं. चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी एक ते तीन तासांत मळमळ आणि जोराच्या उलट्या, पुढे जुलाब होऊ शकतात. खळखळत्या उकळीने हे प्रथिन निकामी होतं. मंद आचेवर, म्हणजे ८० अंशांच्या आसपास, मात्र ते निकामी होत नाही. अर्धवट तापलेला दाणा कच्च्याहूनही अधिक विषारी ठरू शकतो. स्लो कुकर लो वर असताना पहिले काही तास नेमका याच तापमानात असतो. दाणा बोटाने चेपला, मऊ लागला, म्हणून तो सुरक्षित झाला असं समजू नका.

क्रम असा:

१. रात्रभर भिजलेला घेवडा चाळणीत निथळा. भिजवलेलं पाणी टाकून द्या, आमटीत वापरू नका. दाणे स्वच्छ पाण्याने धुवा.

२. मोठ्या पातेल्यात ताजं पाणी घालून गॅसवर ठेवा. पाणी दाण्यांच्या वर चार बोटं हवं.

३. पूर्ण खळखळ उकळी आल्यापासून घड्याळ लावा. १० मिनिटं हा किमान आकडा आहे. घरच्या स्वयंपाकात मी अर्धा तासच धरायला सांगेन, कारण मध्येच दाणे घातले, झाकण सरकलं, आच कमी झाली की उकळी मोडते आणि मिनिटं कागदावरच राहतात.

४. हेही पाणी ओतून द्या आणि दाणे पुन्हा एकदा धुवा. आता ते कुकरमध्ये जायला तयार आहेत.

महाबळेश्वर-पाचगणीकडे राहणाऱ्यांनी अर्ध्या तासाच्या खाली येऊच नये. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून १३५० मीटरच्या आसपास आहे. तिथे पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं, त्यामुळे पुढे कुकरमध्येही कडधान्याला तासभर जास्त द्यावा लागतो.

मूग, मसूर, चवळी, हरभरा यांत हा धोका इतका नसतो. तरी हरभरा आणि हुलगा दहा मिनिटं उकळून घेतले तर कुकरमधला वेळ वाचतो. वाल आणि सुके पावटे मात्र भिजवून, पाणी टाकून, नव्या पाण्यात उकळून आणि तेही पाणी टाकूनच घ्या.

तपासा: उकळी आणलीच नसेल आणि कुकर सुरू करून दोन तास झाले असतील, तरी वेळ गेलेली नाही. सगळं पातेल्यात ओता, गॅसवर अर्धा तास खळखळ उकळा आणि मग पुढे जा. नुसतं बटण हाय वर करून भागत नाही.

टप्पा ४: फोडणी, कांदा आणि मसाला

कढईत दोन टेबलचमचे तेल मोजून घ्या. बाटलीतून धार सोडू नका. गॅसवर रस्सा आटतो आणि तेलाचा तवंग कडेला येतो, तो मसाल्यात मुरल्यासारखा दिसतो. स्लो कुकरमध्ये तेवढंच तेल सगळं वर तरंगत राहतं. चार माणसांच्या आमटीला दोन चमचे भरपूर होतात.

मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता, मग बारीक चिरलेला कांदा. तो कडेने तांबूस होईपर्यंत परता. इथे घाई केली तर कांदा आठ तासांनंतरही उकडलेला लागतो आणि रस्सा गोडसर होतो. पुढे आलं-लसूण मिनिटभर. गॅस बंद करा, हळद आणि कांदा-लसूण मसाला गरम तेलात हलवा, आणि लगेच वाटीभर गरम पाणी ओता. आच चालू असताना मसाला घातला तर तो करपतो. करपलेला मसाला कुकरमध्ये तासन् तास मुरला की सगळा पदार्थ कडू होतो.

घरच्या कांदा-लसूण मसाल्यात खडेमीठ असतंच. मीठ घालताना ते हिशेबात धरा. सुरुवातीला नेहमीच्या निम्मंच मीठ घाला, उरलेलं शेवटी चव बघून.

खडा मसालाही निम्मा. लवंग, दालचिनी, मसाला वेलची यांचा अर्क झाकणाखाली आठ तास उतरत राहतो आणि बाहेर निसटत नाही. गॅसवरच्या रश्श्याला चार लवंगा लागत असतील तर इथे दोनच.

मटण किंवा चिकन असेल तर याच कढईत मोठ्या आचेवर आठ-दहा मिनिटं परता, म्हणजे सगळ्या बाजूंनी रंग बदलेल. त्याने चव येते आणि मांस गरम अवस्थेत कुकरमध्ये जातं, हा दुसरा फायदा.

टप्पा ५: भरण्याचा क्रम

स्लो कुकरची उष्णता तळातून आणि कडेने येते. जे शिजायला वेळ घेतं ते तळाला आणि कडेला, जे लवकर शिजतं ते वर.

तळाला बटाटा, गाजर, सुरण, बीट, रताळं यांच्या साधारण दोन सेंटिमीटरच्या फोडी. ऐकायला उलटं वाटतं, पण या मंद आचेत बटाटा चिकनपेक्षा उशिरा शिजतो. मोठ्या फोडी वर टाकल्या की कच्च्या राहतात, ती तक्रार इथून येते. त्यावर उकळलेलं कडधान्य किंवा परतलेलं मांस. सर्वांत वर फोडणी आणि गरम पाणी. ढवळून थर मोडू नका.

वांगं, दोडका, ढोबळी मिरची आधी घालू नका. शेवटच्या दीड तासात घाला, नाहीतर त्यांचा लगदा होतो. भोगीची भाजी यात करायची असेल तर गाजर, उकळलेला ओला हरभरा आणि पावट्याचे दाणे आधी, वांगं शेवटी आणि तिळाचं कूट अगदी वाढण्याआधी.

टोमॅटो, चिंच, आमसूल आणि गूळ यांतलं काहीही कडधान्याबरोबर सुरुवातीला घालू नका. आंबट आणि गोड दोन्ही साल मऊ होऊ देत नाहीत. घेवडा टणक राहण्याचं जड पाण्यानंतरचं हे दुसरं कारण. तिसरं म्हणजे जुनं कडधान्य. दोन वर्षं डब्यात पडलेला घेवडा कशानेच फुलत नाही.

टप्पा ६: पाणी

गॅसवर जेवढं घालता त्याच्या दोन तृतीयांश घाला, आणि नेहमी गरम घाला. भाज्या आणि मांस स्वतःचं पाणी सोडतात, झाकणावर साठलेली वाफ परत खाली पडते, आणि काहीच आटत नाही. घट्ट उसळीला दाणे जेमतेम बुडतील एवढं, आमटीला दाण्यांवर एक बोट. गार पाणी घातलं तर उकळी आणून मिळवलेली सगळी उष्णता वाया जाते, आणि तापलेल्या मातीच्या भांड्यात गार पाणी ओतल्याने भांड्याला तडा जाऊ शकतो.

टप्पा ७: वेळ, झाकण आणि लाइट

पहिला तास नेहमी हाय वर. मग घरी कुणी असो वा नसो, लो चालतं. घरातून बाहेर पडण्याआधी हा तास मिळत नसेल तर सगळा वेळ हाय वर द्या.

बहुतेक कुकरमध्ये लो आणि हाय दोन्ही शेवटी जवळपास एकाच तापमानाला पोहोचतात. फरक तिथवर पोहोचायला लागणाऱ्या वेळात आहे. ढोबळमानाने हायवरचा एक तास म्हणजे लोवरचे दोन. उकळलेल्या घेवड्याला लो वर ६ ते ७ तास, अख्ख्या मसुराला ५ ते ६, हाडासकट मटणाला ८, गावरान कोंबडीला ७ ते ८. ब्रॉयलर कोंबडीला ४ ते ५ तास पुरतात. ती सकाळी आठला लावून संध्याकाळी सातला काढली तर दोरे होणारच. दिवसभर बाहेर असणाऱ्यांनी ब्रॉयलरऐवजी मटण किंवा कडधान्य लावावं. कोंबडीचे तंगडीचे तुकडे टिकतात, छातीचे कोरडे पडतात.

झाकण उघडू नका. एकदा उघडलं की गेलेली उष्णता भरून यायला २० ते ३० मिनिटं लागतात. काचेच्या झाकणातून दिसतं तेवढं पुरे. सासूबाई, आजी किंवा घरात जी कुणी सवयीने पळी फिरवायला येईल, तिला हे आधीच सांगून ठेवा.

आता लाइटचा प्रश्न, आपल्याकडे हा सोडून चालत नाही. गोल बटणाचे कुकर लाइट आली की आपोआप पुन्हा सुरू होतात. संध्याकाळी आलात तर मध्ये तीन तास लाइट नव्हती हे कळतसुद्धा नाही. डिजिटल कुकर बहुधा बंदच पडून राहतात. दोन्ही वेळा निर्णय असा घ्यायचा:

तुम्ही घरी असताना लाइट गेली तर लगेच पदार्थ पातेल्यात काढून गॅसवर शिजवून संपवा. वाट पाहू नका.

पदार्थ पूर्ण शिजल्यावर लाइट गेली तर झाकण बंद ठेवून दोन तासांपर्यंत चालतं. त्यानंतर उकळी आणून खा किंवा फ्रिजमध्ये टाका.

तुम्ही बाहेर होता, लाइट कधी गेली आणि किती वेळ नव्हती हे माहीत नाही, आणि कुकर बंद किंवा कोमट सापडला, तर तो पदार्थ टाकून द्या. वास चांगला असला तरी टाका. काही जंतूंचं विष पुन्हा उकळूनही जात नाही. मटण टाकताना जीव तुटतो हे खरं, पण दवाखान्याचं बिल त्याहून मोठं असतं.

आधीची काळजी म्हणून महावितरणच्या दुरुस्तीचा एसएमएस आला असेल त्या दिवशी स्लो कुकर लावू नका. शेजारी कुणी दिवसभर घरी असेल तर 'लाइट गेली होती का' एवढं विचारून घ्या. इन्व्हर्टरवर २०० वॅटचा कुकर चालतो, पण सहा तासांत तो १.२ युनिट खातो, आणि घरातली बॅटरी तेवढ्यात बसते. तासाभराच्या खंडापुरताच त्याचा आधार धरा. वीजबिलाची भीती मात्र बाळगू नका. तोच कुकर आठ तास सलग चालला तरी १.६ युनिटच होतात.

सावध: वॉर्म हे बटण शिजवायचं नाही. शिजलेलं अन्न गरम ठेवण्यापुरतं ते आहे, तेही चार तासांच्या आत. फ्रिजमधलं उरलेलं त्यावर गरम करायला ठेवणं म्हणजे जंतूंना उबदार जागा देणं.

टप्पा ८: वाढण्याआधीचा अर्धा तास

पदार्थाची चव इथे लागते, म्हणून घरी आल्याबरोबर ताटं घेऊ नका. बटण हाय वर करा आणि या क्रमाने चला.

१. आधी दाणा किंवा मांस तपासा. घेवडा बोटांत सहज चेपला पाहिजे. चिकनच्या जाड भागात थर्मामीटर ७४ अंश दाखवला पाहिजे. हे झालं नसेल तर पुढची कुठलीही वस्तू घालू नका, विशेषतः आंबट.

२. रस्सा पातळ असेल तर दोन पळ्या घेवडा कडेला घोटून परत मिसळा. मैदा किंवा कॉर्नफ्लॉवरची गरज पडत नाही. शेंगदाण्याचं किंवा तिळाचं कूट घालायचं असेल तर आत्ता, चार माणसांना दोन टेबलचमचे. भाजलेलं कांदा-खोबऱ्याचं वाटणही आत्ताच. ते सकाळपासून शिजत ठेवलं की खोबऱ्याचं तेल सुटतं आणि भाजल्याचा खमंगपणा जातो.

३. मग टोमॅटो, आमसूल किंवा चिंच, चिमूटभर गूळ आणि उरलेलं मीठ.

४. पालक, मेथी, शेपू असं काही असेल तर शेवटची दहा-पंधरा मिनिटं. दही किंवा ताक भांडं बंद केल्यावर, घोटून घेऊन. तासन् तास ठेवलेलं दही फाटतंच.

५. कोथिंबीर. आणि वर पळीभर ताजी लसणाची फोडणी दिलीत तर आमटी आत्ताच केल्यासारखी लागते. मी ती कधी चुकवत नाही.

एवढ्या वेळ शिजलेल्या अन्नात क जीवनसत्त्व फारसं उरत नाही. ताटात लिंबाची फोड, कच्चा कांदा आणि काकडी-गाजराची कोशिंबीर हवी. ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी बरोबर असली म्हणजे तंतू आणि प्रथिनं दोन्ही भागतात.

एक पूर्ण उदाहरण: वाघ्या घेवड्याची आमटी

रात्री साडेनऊला एक वाटी घेवडा मिठाच्या पाण्यात भिजत घाला. कांदा-लसूण सोलून डब्यात ठेवा. सकाळी साडेसहाला पाणी टाकून, नव्या पाण्यात अर्धा तास खळखळ उकळा. तो उकळतोय तोवर शेजारच्या शेगडीवर दोन चमचे तेलात दोन कांदे, आठ लसूण पाकळ्या आणि आल्याचा तुकडा परता. गॅस बंद करून अर्धा चमचा हळद आणि दीड चमचा कांदा-लसूण मसाला घाला. घेवडा निथळून कुकरमध्ये, त्यावर फोडणी आणि तीन वाट्या उकळतं पाणी, निम्मं मीठ. सव्वासातला हाय, सव्वाआठला लो. दुपारी तीन-सव्वातीनला घेवडा तयार होतो. घरी कुणी नसेल तर डिजिटल कुकर तिथून वॉर्मवर जाईल अशी वेळ लावा. साधा कुकर असेल तर संध्याकाळी साडेसहापर्यंत लो वर राहिला तरी घेवडा बिघडत नाही, थोडा जास्त मऊ होतो इतकंच. आल्यावर घोटणं, दोन चमचे कूट, चार आमसुलं, मीठ, कोथिंबीर.

हे जमलं की बाकीचे पदार्थ याच वाटेने जातात. अख्खा मसूर याहून सोपा. उकळी नको, तीन वाट्या गरम पाणी, लो वर पाच-सहा तास. कराड-इस्लामपूरच्या ढाब्यावरचा दाटपणा हवा असेल तर शेवटी थोडा घोटा. तेलाचा थर मात्र घरी नको. अळणीसाठी, म्हणजे मटणाच्या बिनतिखट पाण्यासाठी, अर्धा किलो हाडाचं मटण, वरची चरबी काढून टाकलेलं, हळद-मीठ-आलं-लसूण लावून परता, चार वाट्या गरम पाणी घाला आणि आठ तास ठेवा. मुलांना आणि आजाऱ्याला वरचं पाणी आधी काढून द्या, उरलेल्याचा रस्सा गॅसवर वाटण घालून करा. अळणी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली तर चरबी वर थिजते आणि चमच्याने सहज निघते. ज्वारीच्या कण्या एक वाटी रात्री भिजवून, भांड्याला आतून तूप लावून, पाच वाट्या गरम पाण्यात लो वर पाच-सहा तास. थंड झाल्यावर ताक आणि जिरं घातलं की उन्हाळ्यातला नाश्ता होतो. गोड हवं असेल तर दूध आणि मूठभर तासगावचे बेदाणे शेवटी.

भात, पिठलं, भेंडी, मोड आलेली मटकी आणि कोवळ्या पालेभाज्या यात करू नका. गॅसवर वीस मिनिटांत होतात आणि चांगल्या होतात.

टप्पा ९: उरलेलं आणि भांडं

उरलेला पदार्थ कुकरच्या भांड्यात झाकून ठेवू नका. जाड माती तासन् तास उष्णता धरून ठेवते, आणि अन्न नेमकं धोक्याच्या पट्ट्यात रेंगाळतं. उथळ डब्यांत पसरून दोन तासांच्या आत, उन्हाळ्यात तासाभरात, फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन दिवसांत संपवा. पुन्हा गरम करणं गॅसवर, पूर्ण उकळी येईपर्यंत.

भांडं निवल्यावरच धुवा. तळाला चिकटलं असेल तर कोमट पाणी घालून अर्धा तास ठेवा, तारेची घासणी वापरू नका. बाहेरचा विजेचा भाग पाण्याखाली धरू नका, प्लग काढून ओल्या फडक्याने पुसा. झाकणाला रबर असेल तर ते काढून वेगळं वाळवा, मटणाचा वास तिथेच अडकतो. भांड्याला बारीक तडा दिसला किंवा बोटाला खरबरीत रेघ लागली, तर ते भांडं अन्नासाठी वापरणं थांबवा आणि नवं मागवा.